टेस्ट-३ नावाचा पेशंट

नाशिक
रविवार, ७ डिसेंबर २०२५

प्रिय तृप्ती,
सप्रेम जयभीम.

पाकिटावर माझं अक्षर बघून तू पत्र न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता मनालीकडून लिहून घेतला. मनाली माझ्या हाताखाली सीटीवर काम करते. ही लबाडी पहिल्याच ओळीत कबूल करते. पुढे आणखीही कबूल करायचं आहे, सुरुवात सोप्यापासून केलेली बरी.

काम असं आहे. अठरा जानेवारीला आमच्या सीटी मशीनचा कॉम्प्युटर बदलणार आहेत. पेशंटांचे रिपोर्ट आणि चित्रं नव्या कॉम्प्युटरवर जातील, बाकीचं पुसलं जाईल. त्या बाकीच्यात भूषणचा आवाज आहे.

तुला ठाऊक आहे, तरी नीट लिहिते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी काढताना पेशंटला श्वास रोखावा लागतो. छाती हलली की चित्र हलतं. कधी रोखायचा, कधी सोडायचा, ते मशीनमधला आवाज सांगतो. २०२२ मध्ये मशीन आलं तेव्हा त्यात हिंदी होतं, मराठी नव्हतं. सायखेड्याच्या, देवळ्याच्या म्हाताऱ्या माणसांना 'साँस रोकिए' म्हटलं की ती नेमकी त्याच क्षणी 'काय?' म्हणून विचारायची. तेव्हा भूषणने तीन वाक्यं रेकॉर्ड करून दिली. 'मोठा श्वास घ्या.' 'रोखून धरा.' 'झालं, आता नेहमीसारखा श्वास घ्या.' त्यातलं 'झालं' हे त्याच्या पदरचं. शाळेत मुलांच्या उत्तरपत्रिका गोळा करताना म्हणायचा, अगदी तसंच.

दोन वर्षांपूर्वी तो गेल्यावर चौदाव्या दिवशी मी कामावर गेले आणि पहिल्याच पेशंटला त्याने श्वास रोखायला सांगितलं. तेव्हापासून रोज वीस-पंचवीस वेळा सांगतो. मी काचेच्या अलीकडे बसते, आवाज पलीकडे येतो. पेशंटांना तो फक्त आवाज आहे. ते निमूटपणे ऐकतात.

तुला किंवा तेजलला तिच्या बाबांचा आवाज हवा असेल तर पुसला जाण्याआधी कॉपी काढून पाठवते.

एवढ्यावर थांबले असते तर पत्र बरं दिसलं असतं. पण काल सहा डिसेंबर. आईला घेऊन विहारात गेले होते. तिथे कोणीतरी तुझी चौकशी केली आणि आई नेहमीचं बोलली, 'दूध पाजून निजवलं माझ्या लेकराला.' मी शेजारी उभी होते आणि नेहमीप्रमाणे गप्प राहिले.

जलदान विधीच्या दिवशी तू सगळ्यांसमोर मला विचारलं होतंस. तो गेला त्या पहाटे भूषणच्या छातीत जळजळत होतं. तू दवाखान्यात चला म्हणत होतीस आणि तो म्हणाला, 'माझं हृदय ताईने बघितलंय, हे पित्त आहे.' म्हणून तू थंड दूध दिलंस. तू विचारलंस, 'ताई, तुम्ही बघितलं होतं ना?' मी म्हणाले, 'मी कुठे काय बघितलं? तो नुसता आवाज द्यायला आला होता.' तू म्हणालीस, त्यांनी मला फोटो दाखवला होता, तुमच्याकडे भिंतीवर लावलाय तो. मी म्हणाले, 'तो कंपनीचा फोटो आहे. सगळ्या सेंटरांत तोच लावतात.'

त्यानंतर महिन्याभरात तेजलला घेऊन अकोल्याला गेलीस.

माझं उत्तर खोटं होतं. भूषणचा सीटी झाला होता, आणि फोटो त्याच्याच हृदयाचा आहे. पण मी त्यात चित्र स्पष्ट आलंय का, एवढंच बघितलं. ब्लॉकेज शोधणं हे टेक्निशियनचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. एवढं तरी खरं आहे.

आवाजाचं कळव.

उज्वलाताई


नाशिक
रविवार, २१ डिसेंबर २०२५

प्रिय तृप्ती,

तुझं उत्तर नाही. ते अपेक्षितच होतं. तरी दुपारी पोस्टमनची गाडी वाजली की मी खिडकीशी जाते.

मागचं पत्र पाठवल्यावर लक्षात आलं, सीटी झाला हे लिहिलं, कसा झाला ते लिहिलंच नाही. १८ सप्टेंबर २०२२, रविवार. मशीन बसवून झालं होतं आणि कंपनीचा ट्रेनर मला शिकवायला आला होता. माझी गाडी दुरुस्तीला होती म्हणून भूषण मला सोडायला आला आणि आवाज द्यायला थांबला. सरावासाठी देवळ्याचा एक पेशंट ठरवला होता. तो आला नाही. ट्रेनरला संध्याकाळची गाडी पकडायची होती. भूषण म्हणाला, 'मग मला झोपवा की. फुकटात चेकअप.'

डॉक्टरांची चिठ्ठी नाही, संमतीच्या फॉर्मवर सही नाही. पेशंटचं नाव टाकल्याशिवाय मशीन चालत नाही. आधीचे दोन डबे आम्ही टेस्ट-१ आणि टेस्ट-२ म्हणून स्कॅन केले होते, पाण्याने भरलेले, मशीन तपासायचे. म्हणून माझ्या भावाचं नाव पडलं टेस्ट-३. टेस्टचे स्कॅन डॉक्टरांच्या यादीत जात नाहीत, कारण पाण्याच्या डब्याचा रिपोर्ट कोण लिहिणार? आमच्या लाइनमध्ये सगळे असंच करतात. हा खुलासा म्हणून लिहितेय, बचाव म्हणून नाही. दोन्हींत मला हल्ली फरक करता येत नाही.

चित्र सुंदर आलं. लाल हृदय आणि त्यावर सोनेरी फांद्या. ट्रेनरने ते मोठं करून पाठवलं, सेंटरच्या मालकांनी फ्रेम करून वेटिंग रूममध्ये लावलं. भूषणने त्यासमोर उभं राहून फोटो काढला आणि शाळेतल्या मुलांना दाखवला. सहा महिन्यांनी एकदा माझ्याकडे जेवायला आला होता, तेव्हा भात कालवता कालवता विचारलं, 'ताई, माझं ते ठीक होतं ना गं?' मी म्हणाले, 'भिंतीवर लावलंय, आणखी काय पाहिजे?'

हे तुला पहिल्यांदाच कळत असेल.

आता एक वेगळंच लिहिते. तू मला वेडी ठरवलंस तर तो तुझा हक्क आहे.

'रोखून धरा' आणि 'झालं' यांच्यामध्ये साधारण नऊ सेकंद जातात. तेवढ्यात मशीन चित्र काढतं. गेल्या पावसाळ्यात मला जाणवलं की काही पेशंटांच्या वेळी भूषण उशिरा 'झालं' म्हणतो. मी घड्याळ लावलं. नऊ, नऊ, नऊ, आणि मधेच चौदा. इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, ठोके अनियमित असले की मशीन चांगल्या ठोक्यासाठी थांबतं, वेळ लागू शकतो. पटण्यासारखं होतं. पण चौदावाल्यांचे ईसीजी मी काढून बघितले. ठोके सरळ होते. मग मी वहीत लिहायला लागले. जुलैपासून अकरा पेशंट चौदावाले. अकराही जणांना ब्लॉकेज निघालं, आणि तेही एकाच जागी. हृदयाच्या पुढच्या अंगाने जी डावी वाहिनी खाली उतरते, तिच्या मधोमध.

बाराव्या वेळी मी मनालीला मोबाइलवर सेकंद मोजायला लावले. माझ्या घड्याळात चौदा झाले. तिने फोन दाखवला. 'मॅडम, नऊच आहेत की.'

तेव्हा ठरवलं, हा माझ्या कानांचा दोष. झोप पुरेशी घ्यायला लागले, चहा कमी केला.

मग गेल्या मंगळवारी कुसाबाई आल्या. देवळ्याकडच्या, सत्तरीच्या, कपाळावर गोंदण. सोबत मुलगा होता. गोळी देऊन नाडी साठवर आणली, हातात सुई लावली, आत सरकवलं. भूषण म्हणाला, रोखून धरा. आणि मला काचेतून दिसलं, कुसाबाईंचे ओठ हलले. चित्र अर्थातच हललं. पायरी पडल्यासारखी वाहिनी तुटलेली दिसली, मधोमध.

मी आत जाऊन विचारलं, 'मावशी, बोललात का मधेच?'

त्या म्हणाल्या, 'आतला मास्तर कोन शे, माय? त्याले हो म्हनलं मी.'

'काय म्हणाले मास्तर?'

'म्हने, आजून धरा, ताई पाही ऱ्हायनी.'

ताई बघतेय, असं.

तृप्ती, ते शब्द तीनच माणसांनी ऐकले होते. पहिल्यांदा रेकॉर्ड करताना भूषणने चेष्टेने म्हटलं होतं, 'रोखून धरा, ताई बघतेय.' ट्रेनर हसला. मी रागावले आणि ते मीच पुसलं. पुन्हा त्याच्याकडून नीट बोलून घेतलं. मंगळवारी कुसाबाई गेल्यावर मशीनमधले सगळे आवाज शोधले. तीनच फायली आहेत. चौथी नाही. आणि त्याला मास्तर म्हणायला त्या बाईंना कोणी सांगितलं होतं?

डॉक्टरांना विचारून मी कुसाबाईंचा स्कॅन पुन्हा काढला. दुसऱ्या वेळी त्या गप्प राहिल्या, चित्र स्थिर आलं. तुटलेपणा तिथेच होता. म्हणजे हलल्यामुळे नव्हता. खरंच ब्लॉकेज होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांना स्टेंट टाकला.

मुलगा पेढे घेऊन आला होता. मी घेतला नाही. डायबेटिस आहे म्हणाले. मला डायबेटिस नाही.

उज्वलाताई


नाशिक
रविवार, ४ जानेवारी २०२६

प्रिय तृप्ती,

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. दोनच ओळी. 'आवाज नको. त्या दिवशी तुम्ही काय बघितलंत तेवढं लिहा.'

हे मी तीन वेळा लिहून फाडलं. दोन्ही पत्रांत मी खरं लिहितेय असं मला लिहिताना वाटत होतं. पाठवल्यावर कळलं, मी प्रत्येक वेळी एक पायरी खाली उतरत होते आणि तळ आला असं म्हणत होते. आता एकदाच सगळं लिहिते.

भूषणची नाडी अठ्ठ्याहत्तर होती. ती खाली आणायला गोळी द्यावी लागते आणि तासभर थांबावं लागतं. ट्रेनर म्हणाला, नवीन मशीन आहे, एवढ्याला चालतं. मी मान डोलावली. सुई मी लावली. 'दुखलं का रे' विचारलं तर म्हणाला, 'लहानपणी कान पिळायचीस त्यापेक्षा कमी.' मग त्याला आत सरकवलं आणि मशीनमधून त्याचाच आवाज त्याला म्हणाला, मोठा श्वास घ्या. त्याला हसू आलं. दाबत होता, पण छाती हलताना मला दिसत होती. रोखून धरा म्हटल्यावर थांबला, पण नीट थांबला नाही.

चित्र आलं. मी चित्राचा एक एक काप बघत खाली गेले. ट्रेनर मागे उभा राहून मशीनची स्तुती करत होता. डाव्या वाहिनीच्या मधोमध ती जागा आली. वाहिनी तिथे एकदम बारीक झाली होती, दोऱ्यासारखी, आणि पुन्हा जाड. कडेला एक फिकट सावली.

मी बघितली. त्याच दिवशी, संध्याकाळी पाच वाजायच्या आत. 'तेव्हा मला कळलं नाही' असं मी स्वतःला तीन वर्षं सांगत आले. कळलं होतं. निदान शंका आली होती, आणि शंका यायला लागते तेवढं माझं शिक्षण आहे, वीस वर्षांचा हात आहे.

मी मनात म्हणाले, हसला म्हणून असं दिसतंय.

खात्री करायची पद्धत एकच. गोळी द्यायची, थांबायचं, पुन्हा काढायचं. कुसाबाईंचा मी पुन्हा काढला. माझ्या भावाचा नाही काढला. का, ते तू विचारशील. ट्रेनरची गाडी होती. पुन्हा शिरेतून डाय, पुन्हा रेडिएशन, तेही चिठ्ठीशिवाय. ही कारणं खरी आहेत. पण त्यांच्या खाली आणखी एक आहे. ब्लॉकेज निघालं असतं तर डॉक्टरांना सांगावं लागलं असतं. ते विचारणार, हा स्कॅन कोणाच्या परवानगीने झाला? नव्या मशीनवर मला मुख्य टेक्निशियन करायचं त्याच आठवड्यात ठरत होतं. हे मी त्या वेळी असं शब्दांत विचारात घेतलं नव्हतं. एवढंच की माउसवरचा हात त्या जागी थांबला नाही.

मग ट्रेनर म्हणाला, भिंतीसाठी चांगला कोन निवडा. थ्रीडी चित्र माउसने हवं तसं फिरवता येतं. मी फिरवत राहिले. समोरून चांगलं दिसत होतं, सगळे समोरूनच लावतात. मी ते उजवीकडे वळवलं, ती जागा पलीकडे जाईपर्यंत. आणि म्हणाले, हा कोन छान आहे.

म्हणून त्या फोटोत काहीच चुकीचं दिसत नाही. येणारे-जाणारे डॉक्टर बघतात, कोणी काही म्हणत नाही. भूषण त्यासमोर उभा राहून हसला, तेव्हा ती जागा त्या चित्राच्या मागच्या बाजूला होती. अजूनही तिथेच आहे. मी रोज सकाळी त्या फोटोसमोरून जाते आणि वाटतं, कागदाच्या आणि भिंतीच्या मध्ये हात घातला तर ती बोटाला लागेल.

तू दवाखान्यात चला म्हणालीस. तू बरोबर होतीस. तो गेला नाही, कारण मी त्याला भात कालवताना सांगितलं होतं की ठीक आहे. तू दूध दिलंस ते माझ्या शब्दावर.

तू हेच विचारत होतीस ना?

उज्वला


नाशिक
मंगळवार, १३ जानेवारी २०२६

तृप्ती,

अठरा तारखेला टेस्ट-१, टेस्ट-२, टेस्ट-३ पुसले जाणार. इंजिनिअरने मला विचारलं, टेस्टमधलं काही ठेवायचंय का? मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं. ते शब्द जिभेवर आले होते, हे तुला कळलं पाहिजे. एक 'नाही' म्हटलं असतं की तुझ्या बाजूचा एकमेव पुरावा गेला असता, आणि माझी ही पत्रं म्हणजे एका बाईची बडबड उरली असती. नाकारायची वेळ आली तर मी तीही नाकारली असती. मला आता माझी तेवढी ओळख झाली आहे.

मी म्हणाले, उद्या सांगते.

काल सकाळी, पेशंट यायच्या आधी, टेस्ट-३ उघडला. नावाच्या जागी टेस्ट-३ खोडून लिहिलं, पगारे बुद्धभूषण कारभारी. पुरुष. एकेचाळीस. मशीनने विचारलं, बदल कायम करायचा? मी हो केलं. नाव खरं झालं तसा स्कॅन आपोआप डॉक्टरांच्या यादीत गेला, सगळ्यात वर, नवीन पेशंट असल्यासारखा.

मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं. पण माहीत असताना माणूस वेगळं बघतो. मला एकदा तरी हा स्कॅन अशा माणसाने बघायला हवा होता ज्याला काहीच माहीत नाही.

अकराच्या सुमारास इंटरकॉम वाजला. डॉक्टर घाईत होते. 'उज्वलाताई, हे पगारे कुठे आहेत? बाहेर बसलेत का? घरी गेले असतील तर फोन करून परत बोलवा. यांना असं घरी सोडायचं नाही.'

तृप्ती, त्या वेळी मी काय केलं सांगू? मी उठून वेटिंग रूमच्या दारापर्यंत गेले. खरंच गेले. बाकावर सहा-सात माणसं होती. मी प्रत्येकाचा चेहरा बघितला.

मग परत येऊन म्हणाले, 'सर, ते येणार नाहीत.'

त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी तेव्हा स्कॅनची तारीख बघितली. बराच वेळ पेन टेबलावर आडवं-उभं करत राहिले. मग म्हणाले, 'हे मला मॅनेजमेंटला कळवावं लागेल.' मी म्हणाले, कळवा. त्यांनी विचारलं, रिपोर्ट काढू का? मी म्हणाले, दुसऱ्या कोणाचा काढला असता तसाच काढा.

तो सोबत जोडला आहे. भाषा इंग्रजी आहे, तेजल तुला वाचून दाखवेल, पण मनाची तयारी करून तिच्या हाती दे. डाव्या वाहिनीच्या मधल्या भागात गंभीर अडथळा, ऐंशी टक्क्यांच्या आसपास. पेशंट हलल्यामुळे चित्रात थोडा दोष आहे, पण अडथळा त्या दोषामुळे दिसत नाही, तो खरा आहे. शेवटची ओळ, पेशंटला तातडीने हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. खाली कालची तारीख.

मनाली सगळं ऐकून होती. संध्याकाळी निघताना तिने मला आपल्या गाडीवर मागे बसवलं, काही विचारलं नाही. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, 'मॅडम, तो फोटो काढून टाकू का?' मी म्हणाले, आत्ता नको. आधी आईला सांगू दे.

उज्वला


नाशिक
रविवार, १८ जानेवारी २०२६

तृप्ती,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. आईच्या पिशवीत, साडीच्या घडीत आहे. ती काढून देईल.

परवा सांगितलं तिला. ती मेथी निवडत बसली होती. मी समोर बसले आणि रिपोर्ट हातात धरला. तिने विचारलं, काय कागद आहे? मी म्हणाले, भूषणचा. म्हणाली, 'वाच.' मी मराठी करून वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. तातडीने हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

आई म्हणाली, 'मंग पाठवलं का नाय?'

तिला कळलं नव्हतं असं नाही. तिने मला तेवढंच विचारलं. मी सीटी काढला त्या रविवारपासून सगळं सांगितलं, कोन निवडला तेही. तिचे हात थांबले नाहीत. जुडी संपवली, देठं कागदात गुंडाळली. मग म्हणाली, 'दोन वर्षं मी दूध दूध करत राह्यले. विहारात, लग्नात, बाजारात. आन तू दर वेळी माझ्या शेजारी उभी.'

मी देठांची पुडी उचलून केरात टाकली.

'तिकीट काढ अकोल्याचं,' ती म्हणाली. 'माझ्या एकलीचं.'

तिला एकटीने एवढा प्रवास नको म्हटलं तर माझ्याकडे बघितलंही नाही. आज सकाळी, हे लिहून झालं की, नाशिक रोडला तिला गाडीत बसवते. रात्री पिशवी भरता भरता मला म्हणाली, 'जेवून घे.' एवढंच. परतताना तेजलला तिच्यासोबत स्टेशनपर्यंत पाठव. आईचा डावा गुडघा जिना उतरताना अडतो. तुझ्याशी ती काय बोलेल मला माहीत नाही. कदाचित बोलणारही नाही, नुसती तुझ्या स्वयंपाकघरात जाऊन बसेल. विहारात आता ती काय सांगणार, ते मात्र मला माहीत आहे. ते तिने सांगावंच.

मॅनेजमेंटने मला उद्यापासून घरी बसायला सांगितलं आहे, चौकशी होईपर्यंत. ते बरोबर आहे.

राहिलं कालचं. काल शनिवार, जुन्या कॉम्प्युटरचा शेवटचा दिवस. दुपारी शेवटचा पेशंट गेला आणि मी मनालीला म्हणाले, मला आत सरकव. एक्स-रे नको, डाय नको, नुसता आवाज लाव. ती आधी नाही म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून लावला.

वीस वर्षं मी माणसांना आत पाठवतेय, स्वतः कधी पडून बघितलं नव्हतं. छत फार जवळ येतं. भूषण म्हणाला, मोठा श्वास घ्या. हे वाक्य बोलण्याआधी तो स्वतःही श्वास घेतो, ते काचेपलीकडून कधीच ऐकू आलं नव्हतं. मी घेतला. म्हणाला, रोखून धरा.

मी मोजायला लागले. नऊ झाले. चौदा झाले. तो काही बोलला नाही. मला भीती वाटली नाही, हे लिहून ठेवते, कारण वाटायला हवी होती. अगदी शांत होतं. त्या शांततेत असं जाणवत होतं की आत आणखी कोणीतरी माझ्याबरोबर श्वास रोखून आहे, आणि आधी कोण सोडतं याची वाट बघतंय. वीस. पंचवीस. लहानपणी गोदावरीत बुडी मारून आम्ही असंच करायचो. मीच जिंकायचे, कारण मी मोठी. नंतर कितीतरी वर्षांनी त्याने सांगितलं, तो मुद्दाम आधी वर यायचा. मला घाबरायचा म्हणून नाही, मी हट्टाने वर यायचे नाही म्हणून.

मनालीने मला ओढून बाहेर काढलं. ती रडकुंडीला आली होती. म्हणाली, मॅडम, तुमचे ओठ काळे पडले होते, मी तीन हाका मारल्या. मी विचारलं, त्याने 'झालं' का म्हटलं नाही? ती म्हणाली, 'म्हणाले ना. नवव्या सेकंदाला. मी स्वतः ऐकलं.'

मी ऐकलं नाही.

मग फोटो उतरवला. मागच्या बाजूला भिंतीवर फिकट चौकोन राहिलाय, बाकी काही नाही. मी हात लावून बघितला.

तू आवाज नको म्हणाली होतीस, तरी पेनड्राइव्ह पाठवतेय, आईच्या बटव्यात आहे. तुला नको असेल तर तेजलसाठी ठेव. तीन फायली आहेत. आज दुपारी मशीनमधल्या पुसल्या जातील, मग फक्त याच. पहिल्या दोन मी लावून तपासल्या, नीट आहेत. तिसरी उघडली नाही. ती आधी तू ऐक.

तो 'झालं' म्हणतो का, एवढं मला कळवलंस तर बरं होईल. नाही कळवलंस तरी तुझा काही दोष नाही. मी रोखून धरलंय.

उज्वला